ओवाटोनाच्या चौकातली बँक: शेतकऱ्यांच्या गावात इतके अलंकरण कशासाठी?

वाटसरू:

मिनीयापोलिसहून आयोवाच्या दिशेने दक्षिणेला निघाले की साधारण शंभर किलोमीटरवर ओवाटोना नावाचे गाव लागते. स्टील काउंटीचे हे मुख्य ठिकाण असले तरी मिनेसोटातल्या इतर शेतकी गावांहून ते फारसे वेगळे दिसत नाही. मक्याची शेते संपतात, धान्याची कोठारे लागतात, आणि मग गावाच्या मध्यभागी एक छोटे उद्यान व त्याच्या कडेने विटांच्या दुमजली-तिमजली दुकानांच्या रांगा दिसतात. या उद्यानासमोरच्या कोपऱ्यावर एक बँक आहे आणि तिच्याविषयी विचारण्यासाठी हा धागा काढत आहे.

इमारत फार उंच नाही. लालसर वालुकाश्माचे भक्कम जोते, त्यावर खरबरीत, अनेक छटांच्या विटांची जवळजवळ सपाट भिंत आणि रस्त्यांकडच्या दोन्ही बाजूंना एकेक प्रचंड अर्धवर्तुळाकार कमान, हा तिचा मूळ आकार. या साध्या आकाराभोवती निळ्या मोझेकचा पट्टा आणि हिरव्या-तपकिरी नक्षीची चौकट फिरवली आहे, आणि भिंतीच्या वरच्या कोपऱ्यांत पाने, वेली व भौमितिक आकार एकमेकांत गुंतलेले असे मोठे मानचिन्हासारखे गुच्छ बसवले आहेत. ही नक्षी मला प्रथम ओतीव लोखंडाची किंवा हिरवट पडलेल्या कांशाची वाटली. ती भाजलेल्या मातीची आहे असे तिथल्या एका गृहस्थांनी सांगितले. आत गेल्यावर तर हिरवा, पिवळा आणि सोनेरी असा प्रकाश सगळ्या दालनात भरलेला असतो आणि आपण पैसे काढायला आलो आहोत याचा थोडा वेळ विसर पडतो.

वास्तुशिल्पी लुई सलिव्हन आणि काम 1908 साली पूर्ण झाले, एवढे समजले. सलिव्हन म्हणजे शिकागोच्या उंच इमारतींचा माणूस, आणि ‘रूप हे नेहमी कार्याला अनुसरते’ हे त्याचे सूत्र वास्तुकलेचा अभ्यास नसलेल्या माझ्यासारख्यालाही ठाऊक आहे. म्हणूनच मला दोन गोष्टींचा उलगडा होत नाही. पहिली अशी की, त्या काळी जेमतेम साडेपाच हजारांच्या आसपास वस्ती असलेल्या गावातल्या बँकेने इतक्या मोठ्या माणसाकडून इतके खर्चिक काम का करवून घेतले असावे, आणि त्यानेही ते का स्वीकारले असावे? दुसरी अशी की, कार्याला सर्वस्व मानणाऱ्या माणसाने पैशांच्या देवघेवीच्या जागेवर एवढी वेलबुट्टी कशी काय चढवली? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

चिरेबंदी:

तुमचे दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, त्यामुळे आधी सलिव्हन ओवाटोनापर्यंत कसा आला ते सांगतो.

1856 साली बॉस्टनमध्ये जन्मलेला हा माणूस तरुणपणीच शिकागोला आला आणि डँकमार अॅडलर या अभियंत्याबरोबरच्या भागीदारीत त्याने सेंट लुईसची वेनराइट बिल्डिंग, बफेलोची गॅरंटी बिल्डिंग अशी कामे केली, ज्यांनी उंच इमारत दिसावी कशी याचा पायंडा पाडला. पुढे जगप्रसिद्ध झालेला वास्तुशिल्पी फ्रँक लॉइड राइट त्याच्याच कार्यालयात घडला. मात्र 1893 सालच्या मंदीने बांधकामे थंडावली, 1895 मध्ये अॅडलर वेगळा झाला आणि व्यवहार सांभाळणारा माणूसच गेल्यामुळे सलिव्हनकडे येणारी कामे आटत गेली. त्यात अभिरुचीही फिरली होती. 1893 साली शिकागोला जे जागतिक प्रदर्शन भरले (त्याच्याच निमित्ताने झालेल्या सर्वधर्म परिषदेमुळे ते वर्ष आपल्याकडे लक्षात राहिले आहे) त्यातील पांढऱ्याशुभ्र ग्रीक-रोमन धाटणीच्या दालनांनी अमेरिकेला इतके भारून टाकले की पुढे गावोगावची बँक, न्यायालय आणि ग्रंथालय यांच्यापुढे खांबांची रांग उभी राहू लागली. सलिव्हनने त्या प्रदर्शनाला आयुष्यभर क्षमा केली नाही. त्या प्रदर्शनाने अमेरिकी वास्तुकलेची कित्येक दशकांची हानी केली, असे तो अखेरपर्यंत लिहीत राहिला. यात कडवटपणा होता, पण निव्वळ कडवटपणा नव्हता. लोकशाहीतल्या सावकारी पेढीने रोमन देवळाचा वेष का घ्यावा, हा त्याचा सवाल आजही निरुत्तर करणारा आहे.

आता ओवाटोनाची बाजू पाहू. ‘नॅशनल फार्मर्स बँक’ ही बेनेट कुटुंबाच्या हाती होती आणि तिचा उपाध्यक्ष कार्ल बेनेट हा हार्वर्डमध्ये शिकून आलेला, संगीताचा मनापासून नाद असलेला गृहस्थ होता. घरचा व्यवसाय सांभाळण्यासाठी तो गावी परतला होता. बँकेला नवी जागा हवी होती, पण खांबांचे देऊळ त्याला नको होते. बँकेची आतली मांडणी कशी असावी हे बऱ्याच वर्षांपासून त्याच्या मनात होते. बँकेच्या व्यवसायाचे बाह्य रूप कसे असावे हे मात्र त्याला जाणवत होते, नेमके सांगता येत नव्हते, अशा आशयाचे त्याने पुढे स्वतःच ‘द क्राफ्ट्समन’ या मासिकात लिहिले. त्याच मासिकात 1906 साली सलिव्हनचा ‘वास्तुकला म्हणजे काय’ या विषयावरचा दीर्घ निबंध आला होता, तो बेनेटच्या वाचनात आला आणि त्याने शिकागोला पत्र पाठवले. एकाला गिऱ्हाईक नव्हते आणि दुसऱ्याला हवा तसा वास्तुशिल्पी मिळत नव्हता, तेव्हा ‘त्याने हे काम का स्वीकारले’ याचे उत्तर इतकेच की, त्याला कामाची गरज होती आणि काम देणारा माणूस त्याला समजून घेणारा होता. सुमारे सव्वा लाख डॉलर खर्च आला. ही रक्कम त्या काळी मोठीच, पण केवळ हौसेपोटी ती घातली असे मानू नये. बँकेला लागून जी बुटकी, लांबट इमारत आहे ती दुकाने आणि कार्यालये भाड्याने देण्यासाठी याच आराखड्यात बांधली गेली. शिवाय जिच्यावर विश्वास ठेवून शेतकरी आपली वर्षाची कमाई ठेवणार, ती पेढी टिकाऊ दिसणे हा व्यवहाराचाच भाग होता.

तुमचा दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण त्या सूत्राचा जो अर्थ पुढे रूढ झाला तो सलिव्हनचा नव्हे. ते सूत्र ज्या 1896 सालच्या निबंधात आले आहे तिथे त्याने दाखले कशाचे दिले आहेत ते पाहावे: झेपावणारा गरुड, सफरचंदाचा उमललेला मोहोर, फांद्या पसरलेला ओक. मोहोराचे ‘कार्य’ म्हणजे काही त्याची उपयुक्तता नव्हे. त्याच्या आतली जी प्रकृती आहे ती बाहेर उमटते, असे त्याला म्हणायचे आहे. त्याच्या लेखी अलंकरण हे रूपाच्या विरुद्ध नव्हतेच. 1892 सालच्या एका निबंधात तर त्याने असे सुचवले होते की, काही वर्षे आपण अलंकरण पूर्णपणे वर्ज्य करावे आणि उघड्या अंगानेही सुडौल दिसतील अशा इमारती घडवायला शिकावे. ते जमल्यावर मग अलंकरण हे बाहेरून चिकटवलेले वाटणार नाही, त्याच देहातून फुटलेले वाटेल.

ओवाटोनाची बँक ही त्या म्हणण्याची परीक्षा आहे. मुख्य दालन 68 फूट लांब आणि तितकेच रुंद, वरून पाहिले तर नेमका चौरस. मनातल्या मनात सगळी नक्षी काढून टाकली तरी दगडी जोते, सपाट भिंत, सुमारे 36 फुटी कमान आणि वर पायरीपायरीने पुढे येणाऱ्या विटांच्या थरांची कॉर्निस, म्हणजे भिंतीच्या माथ्यावरची पुढे आलेली कड, एवढे शिल्लक राहते, आणि ते स्वतःच्या बळावर उभे राहते. खालच्या दगडी भागात लहान चौकोनी खिडक्या आहेत, म्हणजे रस्त्यावरच्या माणसाला आत ठेवलेला ऐवज सुरक्षित वाटावा. वरच्या भागात मात्र एवढी मोठी कमान उघडली आहे की दिवसभर आत उजेड असावा. बंद तिजोरी आणि खुले सभागृह अशी दोन्ही कार्ये एका पेढीत असतात आणि ती दोन्ही इथे एका भिंतीवर वर-खाली वाचता येतात. अलंकरण कुठे आहे तेही पाहावे: चौकटीवर, कोपऱ्यांवर, कडांवर. भिंतीचे मधले अंग कोरेच सोडले आहे. जिथे एक गोष्ट संपून दुसरी सुरू होते तिथेच ही वेल फुटते.

आतला रंग हा योगायोग नाही. सलिव्हनने 1908 सालच्या वसंतात बेनेटला लिहिलेल्या पत्रांत रंगांचाच ध्यास दिसतो. बाहेरच्या निसर्गातल्या हिरव्याच्या अनेक छटा आणि उन्हाचा पिवळा त्याला त्या दालनात आणायचा होता, आणि हे सगळे तो एका संगीतवेड्या माणसाला संगीताच्याच भाषेत समजावत होता. रंगीत काच आणि भिंतींवरचे स्टेन्सिलचे काम लुई मिले याचे आहे. दोन कमानींत काच आहे, तर समोरच्या दोन भिंतींवर तशाच कमानींच्या आकारात ऑस्कर ग्रॉस या चित्रकाराची भित्तिचित्रे आहेत, एकात कुरणातल्या गायी आणि दुसऱ्यात शेतातले काम. बँकेत ज्यांचा पैसा होता त्यांचाच व्यवसाय भिंतीवर आला, ग्रीक देवता आल्या नाहीत. मूळ मांडणीत शेतकऱ्यांना आपसांत भेटण्यासाठी एक खोली होती आणि स्त्रियांसाठी वेगळी खोली होती, हेही यासोबत लक्षात घ्यावे.

कुंभारवाडा:

चिरेबंदी यांनी मांडणी उत्तम केली आहे. मी फक्त मातीविषयी लिहितो, कारण मूळ प्रश्नातला लोखंड-कांशाचा संभ्रम अगदी स्वाभाविक आहे आणि तो तसा व्हावा अशीच त्या झिलईची योजना आहे.

शिकागो आणि टेराकोटा, म्हणजे भाजलेली माती, यांचे नाते 1871 सालच्या आगीपासून घट्ट झाले. उघडे लोखंड आगीत लवते आणि वितळते हे त्या आगीत दिसून आले, त्यामुळे लोखंडी सांगाड्याला भाजलेल्या मातीच्या पोकळ ठोकळ्यांनी मढवण्याची पद्धत आली. हे ठोकळे दगडापेक्षा हलके, आगीला दाद न देणारे आणि साच्यातून काढता येणारे असल्याने काही वर्षांतच ते आतल्या मढवणीपुरते न राहता दर्शनी बाजूवर आले. ओवाटोनाचे काम इलिनॉयमधल्या क्रिस्टल लेकजवळच्या ‘अमेरिकन टेराकोटा अँड सेरॅमिक कंपनी’ने केले. हीच कंपनी ‘टेको’ या नावाने कुंभांची आणि फुलदाण्यांची निर्मिती करीत असे, आणि टेकोची ओळख म्हणजे तिची चकाकी नसलेली हिरवी झिलई. ज्यांनी ती भांडी पाहिली आहेत त्यांना बँकेतला हिरवा रंग कुठल्या भट्टीतून आला हे सांगावे लागणार नाही.

काम असे चालते. वास्तुशिल्पीच्या कार्यालयातून नक्षीचे रेखाटन येते; त्यावरून मूर्तिकार मातीत पूर्ण आकाराचा नमुना घडवतो. हा नमुना मुद्दाम मोठा करावा लागतो, कारण वाळताना आणि भाजताना माती फुटामागे साधारण एक इंच आकसते. नमुन्यावरून प्लास्टरचे साचे काढतात, साच्यात माती हाताने दाबून बसवतात आणि मागची बाजू पोकळ ठेवून आत आडव्या-उभ्या पडद्या सोडतात, म्हणजे ठोकळा हलका राहतो आणि भाजताना तडकत नाही. साच्यातून काढल्यावर, माती अजून थोडी ओलसर असताना, कडा आणि खोलगट जागा हाताने पुन्हा कोरून धारदार करतात; मग वाळवणे, झिलई चढवणे आणि भट्टी. प्रत्येक ठोकळ्यावर क्रमांक असतो आणि गवंडी त्या क्रमांकांप्रमाणे, लोखंडी आकड्यांनी मागच्या विटांना बांधून, ते जागेवर बसवतो.

या साखळीतला मूर्तिकार कोण यावर सगळे अवलंबून असते. सलिव्हनच्या नक्षीचे नमुने वर्षानुवर्षे क्रिस्टियन श्नायडर नावाच्या नॉर्वेजियन कारागिराने घडवले आणि ओवाटोनाचेही त्याच्याच हातचे आहेत. कागदावरची पेन्सिलची वेल सपाट असते. कोणते पान किती उचलायचे, कुठे खोल सावली पाडायची, देठ कुठे दुसऱ्या देठाखालून न्यायचा, हे निर्णय मातीतच होतात. सलिव्हनजवळ अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे याचे वनस्पतींवरचे पाठ्यपुस्तक असे आणि बीजाचे दोन कोवळे दल उघडण्याची क्रिया ही त्याच्या सर्व नक्षीची मूळ कल्पना होती, पण ती कल्पना रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाच्या डोळ्याला भिडते ती श्नायडरच्या बोटांमुळे, असे मी म्हणेन. इमारतीच्या पाटीवर कारागिरांची नावे नसतात ही जुनी रड आहे.

विटांविषयीही दोन शब्द. त्या काळच्या प्रतिष्ठित इमारतींना गुळगुळीत, एकरंगी, दाबून काढलेली वीट वापरीत. इथे तारेने कापलेली खरबरीत वीट आहे आणि एकाच भट्टीतून निघालेल्या अनेक छटा मुद्दाम मिसळल्या आहेत. जवळ जाऊन पाहिले तर तांबडा, तपकिरी, जांभळट, हिरवट असे तुकडे दिसतात आणि रस्त्यापलीकडून पाहिले तर सगळे मिळून एक मऊ, विणलेल्या वस्त्रासारखे अंग दिसते. अशा भिंतीवर चकचकीत झिलई शोभली नसती.

एक सावधगिरीही सांगून ठेवतो. टेराकोटाचा शत्रू पाऊस हा नसून सांध्यातून आत शिरलेले पाणी हा असतो. दर्जा, म्हणजे ठोकळ्यांमधल्या सांध्यांच्या फटी, वेळेवर भरल्या नाहीत की पाणी पोकळीत साठते, मिनेसोटाच्या हिवाळ्यात गोठून फुगते, आणि मागचे लोखंडी आकडे गंजून ठोकळा आतून फोडतात. शंभरावर वर्षे ही नक्षी टिकली याचा अर्थ कोणीतरी दर्जांकडे लक्ष दिले आहे.

वाटसरू:

दोघांचेही मनापासून आभार. अलंकरण कडांवरच आहे हे वाचल्यावर काढलेली छायाचित्रे पुन्हा पाहिली आणि ते खरोखर तसे आहे.

आणखी एक शंका. आतले प्रचंड दिवे आणि भिंतीवरचे घड्याळ इमारतीच्याच वयाचे वाटतात, परंतु रोखपालांच्या खिडक्या आणि टेबले त्यामानाने फार साधी व अलीकडची दिसतात. मूळ फर्निचरचे काय झाले? शिवाय आंतरजालावर वाचताना जॉर्ज एल्मस्ली हे नाव वारंवार येते आणि काही ठिकाणी तर ही इमारत सलिव्हनपेक्षा त्याचीच आहे असा सूर दिसतो. यात तथ्य किती?

जुने_नकाशे:

एल्मस्ली हा स्कॉटलंडमधून आलेला आणि सुमारे वीस वर्षे सलिव्हनच्या कार्यालयात काढलेला माणूस. राइट बाहेर पडल्यानंतर मुख्य आरेखक तोच होता, आणि ओवाटोनाच्या वेळी तर कार्यालयात कुशल हात असे फारसे उरलेच नव्हते. बाह्य भिंतींवर एकच मोठी कमान घ्यावी ही सूचना त्याची होती असे मानले जाते, आणि तुम्ही ज्या दिव्यांचा उल्लेख केला त्यांची रचना व नक्षीच्या तपशिलांपैकी पुष्कळसा भाग त्याच्याच हातचा आहे. ते चार दिवे बिडाचे आहेत, शिकागोच्या विन्स्लो ब्रदर्स या कारखान्यात ओतलेले, आणि प्रत्येकाचे वजन सुमारे सव्वादोन टन आहे. बिडात इतकी पातळ, सळसळती पाने ओतता येतात यावर ते पाहिल्याशिवाय विश्वास बसत नाही.

माझे मत असे की, ‘सलिव्हन की एल्मस्ली’ हा प्रश्न कार्यालयातल्या कामाची पद्धत न पाहता विचारला जातो. बेनेटशी चर्चा, मूळ कल्पना, रंगाची योजना ही सलिव्हनची. ती कागदावर, ठोकळ्या-ठोकळ्यापर्यंत नेणे हे एल्मस्लीचे. मात्र श्रेय देताना पारडे एकाच बाजूला झुकत आले, आणि एल्मस्लीच्या वाट्याला आयुष्यभर पडछायेत राहणे आले, हे खरे. पगार देणेही जमेना तेव्हा 1909 मध्ये सलिव्हनने त्याला निरोप दिला. एल्मस्ली मिनीयापोलिसला विल्यम पर्सेलच्या भागीदारीत गेला, आणि त्यांनी 1912 साली मिनेसोटातल्याच विनोना गावी जी मर्चंट्स बँक बांधली ती पाहिल्यावर ओवाटोनात त्याचा वाटा किती होता याचा अंदाज स्वतःच करता येतो. वाटसरू यांनी तिथेही जावे.

फर्निचरची कहाणी बँकेच्या कहाणीबरोबर जाते. पहिल्या महायुद्धात धान्याचे भाव चढले, शेतकऱ्यांनी जमिनी व अवजारांसाठी मोठी कर्जे काढली, आणि 1920 नंतर भाव कोसळल्यावर मध्यपश्चिमेतल्या शेकडो गावठी बँका बुडाल्या. 1926 साली नॅशनल फार्मर्स बँकही बंद पडली. बेनेट कुटुंबाचा त्या गावातला व्यवसाय संपला. सलिव्हनने बेनेटसाठी एका घराचाही आराखडा केला होता, पण ते कधी उभेच राहिले नाही. इमारत 1929 मध्ये दुसऱ्या बँकेकडे गेली. तिला रोखपालांच्या अधिक खिडक्या आणि मोकळी जागा हवी होती, म्हणून 1940 साली आतले रूप बदलले गेले आणि त्यात मूळच्या नक्षीदार जाळ्या व रोखपालांचे कक्ष काढून टाकण्यात आले. त्यांपैकी काही तुकडे आज संग्रहांमध्ये दिसतात, बाकीचे भंगारात गेले. त्या काळाला हा वारसा वाटत नव्हता, जुनाट अडगळ वाटत होती. ज्यांनी काढले त्यांना आज दोष देणे सोपे आहे, पण त्यांनी इमारत पाडली नाही हेही नोंदवायला हवे. याच दशकांत सलिव्हनच्या शिकागोतल्या इमारती एकामागून एक पडत होत्या.

पुढे बँकेने हार्वेल हॅमिल्टन हॅरिस या वास्तुशिल्पीला बोलावले आणि 1958 साली पूर्ण झालेल्या कामात त्याने मूळ दालनाचा अवकाश पुन्हा मोकळा केला, मात्र हरवलेल्या जाळ्यांची नक्कल केली नाही. नवी टेबले साधी, रंगाने आणि प्रमाणाने जुन्याशी जुळणारी अशी ठेवली. तुम्हाला ती ‘अलीकडची’ वाटली, म्हणजे त्याचा हेतू साधला. चालू स्थितीतल्या व्यापारी इमारतीचे जतन करताना असा संयम फार थोड्यांनी दाखवला होता, आणि तोही अशा काळात जेव्हा अमेरिकेत वारसा-जतनाचा राष्ट्रीय कायदा व्हायला अजून आठ वर्षे होती.

चिरेबंदी:

एल्मस्लीविषयी थोडा मतभेद नोंदवतो. विनोनाची बँक उत्तम आहेच, पण ती पाहिल्यावर माझी समजूत उलट होते. तिथे काच अधिक, बांधणी अधिक हलकी, आणि नक्षी सुंदर असूनही भिंतीशी तिची झुंज नाही. ओवाटोनातले जे वजन आहे, कोऱ्या भिंतीवर शेवटपर्यंत टिकून राहण्याचे जे धाडस आहे, ते मला सलिव्हनचेच वाटते, कारण एल्मस्ली निघून गेल्यावरही आयोवातल्या सीडर रॅपिड्स व ग्रिनेल आणि ओहायोतल्या सिडनी या गावांतल्या सलिव्हनच्या पुढच्या बँकांत ते दिसत राहते. अर्थात हाताने रेखाटन कोणी केले याविषयी जुने_नकाशे यांच्याशी मी सहमत आहे.

प्रेअरीचा_पाहुणा:

त्या पुढच्या कामांविषयी लिहितो, कारण ओवाटोना ही एकटी इमारत नाही, एका मालिकेचा आरंभ आहे. सलिव्हनने 1908 ते 1919 या काळात लहान गावांत अशा आठ बँका बांधल्या आणि त्यांना मिळून ‘ज्युएल बॉक्स’, म्हणजे दागिन्यांचे डबे, म्हणतात. त्यांतली एक, आयोवातल्या अल्गोना गावची, बँक म्हणून आखली गेली, पण परवाना न मिळाल्याने जमिनीच्या कर्जव्यवहारांचे कार्यालय म्हणून वापरात आली. सीडर रॅपिड्सची 1911 सालची बँक 2008 च्या महापुरात सापडली होती. ओहायोतल्या न्यूअर्कची इमारत पूर्णपणे करड्या-हिरवट टेराकोटाने मढवलेली आहे आणि बँक उठून गेल्यावर तिने दागिन्यांच्या दुकानापासून आइस्क्रीमच्या दुकानापर्यंत सगळे पाहिले.

माझी आवड विचाराल तर ग्रिनेल. 1914 साली आखलेली ती बँक म्हणजे विटांची जवळजवळ निर्विकार पेटी, आणि तिच्या प्रवेशद्वारावर एका गोल खिडकीभोवती चौकोन व वर्तुळे एकमेकांत फिरवून केलेला प्रचंड गुच्छ. सगळे अलंकरण एका जागी गोळा केले आहे. चिरेबंदी म्हणतात त्या धाडसाचे हे टोक आहे, आणि काहींना ते अति वाटते.

ओहायोतल्या सिडनीचा एक किस्सा सलिव्हनच्या चरित्रकारांनी सांगितला आहे. तो गावात आला, रिकाम्या भूखंडासमोरच्या पदपथाच्या कडेवर बसून दोन दिवस सिगारेटी ओढत राहिला आणि मग संचालकांपुढे एक झटपट काढलेले रेखाटन ठेवले. त्यांतल्या एकाने आपल्याला थोडे ग्रीक खांब आवडले असते असे सुचवताच त्याने कागद गुंडाळला आणि सांगितले की, तसली बँक बांधणारे हजार वास्तुशिल्पी तुम्हाला मिळतील, ही बांधणारा एकच आहे. संचालकांनी माघार घेतली. 1918 साली पूर्ण झालेल्या त्या बँकेच्या दारावरच्या कमानीत निळ्या मोझेकवर ‘काटकसर’ अशा अर्थाचा एकच इंग्रजी शब्द लिहिला आहे. ज्याने तो लिहिला त्याच्याकडे तेव्हा काटकसर करण्याइतकेही उरले नव्हते. 1909 मध्येच त्याची पुस्तके व कलावस्तू लिलावात गेल्या होत्या, आणि 1924 च्या एप्रिलमध्ये शिकागोतल्या एका हॉटेलच्या खोलीत मित्रांच्या मदतीवर जगत असताना तो वारला. अमेरिकी वास्तुशिल्पी संस्थेचे सुवर्णपदक त्याला मरणोत्तर, 1944 साली मिळाले. ओवाटोनाची बँक 1976 मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू ठरली आणि 1981 साली 18 सेंटांच्या टपाल तिकिटावरही आली.

बँकेपलीकडचे उदाहरण हवे असेल तर आयोवातल्या क्लिंटन गावी व्हॅन अॅलन यांचे चार मजली कापडचोपडाचे दुकान पाहावे, तेही त्याच सुमाराचे. भिंतीवरून तीन सडपातळ देठ सरळ वर चढतात आणि छपराशी एकदम पानांत फुटतात. इमारतीच्या सांगाड्याशी त्यांचा काही संबंध नाही, आणि ‘कार्य’ या शब्दाचा काटेकोर अर्थ लावणाऱ्यांची तिथे चांगलीच पंचाईत होते.

वाटसरू यांना पुन्हा जायचे असेल तर कामाच्या दिवशी, बँकेच्या वेळेतच जावे, कारण ओवाटोनात आजही बँकेचेच कामकाज चालते आणि दालन बंद असल्यास रंगीत काच बाहेरून काळपट दिसते. मोठ्या खिडक्या दक्षिणेला आणि पश्चिमेला आहेत, त्यामुळे दुपार सरताना गेल्यास आतला उजेड सर्वांत चांगला मिळेल. गायींचे चित्र नीट पाहायचे असल्यास मान बरीच वर करावी लागते, तेव्हा आधी दिवे पाहून घ्यावेत.